सुखाच्या नोकरीत मन रमत नाही तेव्हा : एका करिअर समुपदेशन सेवेचे परीक्षण

पहिली नोकरी, पगार भरपूर, काम हलके, वरिष्ठ समजूतदार आणि तरीही सुट्टी संपत आली की मनावर मळभ येते, अशा अवस्थेतल्या माणसाने मदत कोणाकडे मागावी हे ठरवणे सोपे नाही. जवळच्यांना सांगितले तर ‘सुख बोचते का?’ असा प्रश्न येतो, सहकाऱ्यांना सांगितले तर त्यांना नवल वाटते, आणि वरिष्ठांकडे जायचे तर तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हेच मांडता येत नाही. नोकरीची पहिलीच वर्षे चालू असलेल्यांसाठी आखलेली एक करिअर समुपदेशन सेवा मी याच कारणासाठी घेतली. तिची सर्व सत्रे आणि शेवटचे पाठपुराव्याचे सत्रही आता झाले आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. सेवेच्या काही उणिवांबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे, आणि वाचकानेही एका संस्थेच्या नावापेक्षा अशा सेवेत काय असावे आणि काय नसले तरी चालेल याकडे पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

माझ्या कामाचे स्वरूप आधी सांगते. वेगवेगळ्या विभागांकडून येणारे आकडे एका तक्त्यात भरायचे, ते एकमेकांशी जुळतात का ते पाहायचे, ठरलेल्या दिवशी त्यांचा अहवाल तयार करायचा आणि ठरलेल्या लोकांना ईमेलने पाठवायचा. हे काम दिवसाच्या पहिल्या काही तासांत संपते. उरलेला वेळ कामात असल्यासारखे दिसण्यात जातो, आणि दिवसभरात सर्वांत जास्त थकवा याच वेळेत येतो. कोणी रागावत नाही, कोणी छळत नाही, पगार वेळेवर होतो. आपण पाट्या टाकत आहोत असे मात्र सतत वाटत राहते, आणि त्याहून वाईट म्हणजे पाट्या टाकल्या तरी कोणालाही काही फरक पडत नाही हे दिसत राहते.

सेवेची रचना अशी आहे की आधी एक लेखी प्रश्नावली भरून द्यायची, मग पहिले दीर्घ संभाषण, त्यानंतर आवडीनिवडीच्या आणि स्वभावाच्या चाचण्या, त्यांचा अहवाल, सध्याच्या नोकरीत करून पाहायचा एक प्रयोग आणि काही काळाने पाठपुरावा. सत्रे प्रत्यक्ष भेटून किंवा व्हिडिओ कॉलवर घेता येतात. वेळा पाळल्या गेल्या, दोन सत्रांमध्ये विचारलेल्या प्रश्नांना लेखी उत्तरे मिळाली, कागदपत्रे सुरक्षित ठेवण्याची पद्धत आधीच समजावून सांगितली गेली. व्यवस्थेबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

प्रश्नावलीतला एक भाग मात्र विशेष उल्लेखावा असा आहे. झोप कशी लागते, भूक कशी आहे, मित्रमंडळींत किंवा आवडत्या छंदात मन लागते का, हा रितेपणा ऑफिसबाहेरही सोबत येतो का, असे प्रश्न त्यात होते, आणि तो सगळीकडेच सोबत येत असेल तर आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, अशी स्पष्ट सूचना होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, कामाच्या ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची नोंद आहे, तीही आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. कमी काम आणि निरर्थक काम यांतून येणाऱ्या कोमेजण्याला असे स्वतंत्र स्थान नाही. म्हणूनच नैराश्य आणि नोकरीतला कंटाळा यांची गल्लत होऊ शकते, आणि दोन्ही बाजूंनी होऊ शकते. ही गल्लत दारातच टाळण्याची काळजी घेणारी सेवा गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

पहिले संभाषण हा सेवेचा उत्तम भाग होता. समुपदेशिकेने ‘तुम्हाला आयुष्यात काय करायचे आहे?’ हा प्रश्न विचारलाच नाही. त्याऐवजी तिने मला आठवडाभर कामाची नोंद ठेवायला सांगितले: कोणते काम केले, त्यात किती वेळ गेला, त्यात स्वतः काही ठरवावे लागले का, ते पुढे कोणाकडे गेले आणि तिथे त्याचे काय झाले हे मला कळले का. शेवटचे दोन रकाने जवळजवळ रिकामेच राहिले. माझ्या अस्वस्थतेला प्रथमच काही आकार आला तो त्या रिकाम्या रकान्यांमुळे.

या नोंदीवर बोलताना तिने फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या संशोधनाचा आधार घेतला. हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांना कामावरचे चांगले आणि वाईट प्रसंग विचारले आणि १९५९ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, समाधान आणि असमाधान ही एकाच मापाची दोन टोके नाहीत. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नियम यांत खोट असेल तर माणूस नाराज होतो, पण ते सगळे चांगले असले म्हणून तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते प्रत्यक्ष कामातून, काही साधल्यातून, जबाबदारीतून, वाढीतून. या संशोधनावर योग्य आक्षेपही आहेत. चांगल्या घटनांचे श्रेय स्वतःकडे घेणे आणि वाईटाचा दोष परिस्थितीवर टाकणे हा मनुष्यस्वभाव असल्याने, प्रसंग आठवून सांगायला लावण्याच्या पद्धतीतूनच अशी विभागणी उद्भवू शकते. समुपदेशिकेने हा आक्षेपही सांगितला, याचे मला कौतुक वाटले. मात्र माझ्यासारख्या माणसाला या मांडणीने जे दिले ते आक्षेपांनंतरही टिकते. नाराज नसणे आणि समाधानी असणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात उभ्या असलेल्या माणसाला कृतघ्न म्हणण्याचे कारण नाही.

चाचण्यांचा भाग मात्र सेवेच्या माहितीपत्रकात जेवढा मोठा दाखवला आहे तेवढ्या मोलाचा नाही. व्यवसाय मार्गदर्शनाची आधुनिक परंपरा फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला काढलेल्या केंद्रापासून मोजली जाते. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या आणि दोहोंचा नीट विचार करून मेळ घाला, ही त्यांची त्रिसूत्री होती. पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये आवडींचे सहा गट मांडले: हाताने आणि यंत्राने करायची कामे, शोध आणि विश्लेषण, कला, माणसांना मदत, उद्योग आणि नेतृत्व, आणि शेवटचा नियमबद्ध, पद्धतशीर कामांचा. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक आवड-चाचण्या या सहा गटांवर उभ्या आहेत, आणि या सेवेची चाचणीही त्यांवरच होती. माझे शोध आणि मदत हे दोन गट वर आले, पद्धतशीर कामांचा गट मधोमध राहिला. यात नवे फारसे नव्हते, पण मनात विखुरलेले होते ते एका ठिकाणी मांडलेले दिसले.

याच पद्धतीची, ६० प्रश्नांची ‘ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर’ ही चाचणी अमेरिकेच्या श्रम विभागाने इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवली आहे. मी ती ताडून पाहण्यासाठी दिली, तेव्हा वरचे दोन गट तेच आले. केवळ आवड-चाचणीसाठी पैसे मोजून अशी सेवा घेण्याची गरज नाही, असे मी निःसंकोच सांगेन. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आवड आणि काम यांचा मेळ बसला की समाधान आपोआप येईल, असे आपण धरून चालतो. या विषयावरच्या अनेक दशकांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या दोहोंमधला सहसंबंध सुमारे ०.१९ एवढाच निघाला. संबंध आहे, पण तो क्षीण आहे. ज्याला संशोधनाची आवड आहे तो संशोधन संस्थेतही आकडे भरत बसलेला असू शकतो. क्षेत्र बदलले आणि कामाची घडण तीच राहिली, तर रितेपणा नव्या पत्त्यावर सोबत येतो. सेवेच्या अहवालात सुचवलेल्या व्यवसायांची लांबलचक यादी होती, त्या यादीआधी ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती. ती सांगितली गेली नाही.

स्वभाव-चाचणीबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. माणसांना सोळा प्रकारांत बसवणारी, चार अक्षरांचे उत्तर देणारी चाचणी या संचात होती. अशा चाचण्यांत मधल्या गुणांच्या माणसालाही एका बाजूला ढकलले जाते, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर प्रकार बदललेला आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. तिच्या अहवालातली वाक्ये वाचताना ‘हे अगदी माझ्याबद्दल लिहिले आहे’ असे वाटते खरे, पण त्या वाटण्यावर विसंबता येत नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन म्हणून एकच मजकूर प्रत्येकाला स्वतंत्रपणे दिला, आणि तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुमच्यात अजून न वापरलेली पुष्कळ क्षमता आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्या मजकुरात होते. सोप्या नोकरीत कोमेजलेल्या तरुणाला असे वाक्य किती गोड लागेल हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच पैसे घेऊन ते देऊ नये असे मला मनापासून वाटते. ही चाचणी संचातून काढून टाकावी, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

सेवेचा गाभा त्यानंतरच्या सत्रात होता. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाच्या घडणीचे एक प्रारूप मांडले. कोणत्या गुणांमुळे एखादे काम आतून प्रेरणा देते, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी असे पाच गुण सांगितले. कामात किती वेगवेगळी कौशल्ये लागतात, एखादी गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून पूर्ण होते का, तिचा इतरांच्या जगण्यावर काही परिणाम होतो का, काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा किती आहे, आणि आपण ते कसे केले हे कामातूनच आपल्याला कळते का. प्रत्येक गुणाला १ ते ७ असे गुणांकन करायचे, पहिल्या तिघांची सरासरी काढायची आणि तिला मुभेच्या आणि परिणाम कळण्याच्या अंकांनी गुणायचे. सर्वाधिक अंक ३४३ येतो.

माझ्या कामाला आम्ही मिळून दिलेले अंक असे होते: विविधता २, पूर्णता २, महत्त्व ३, मुभा ४, परिणामाची जाण १. उत्तर नऊच्या थोडे वर आले. ३४३ पैकी नऊ हा आकडा खिन्न करणारा होता, तरी मला त्यापेक्षा त्यामागच्या गणिताने अधिक शिकवले. मी तोपर्यंत समजत होते की मला वेगळे, कठीण, नवनवी कौशल्ये मागणारे काम हवे आहे. समुपदेशिकेने विविधतेचा अंक २ वरून ५ वर नेऊन दाखवला, तेव्हा उत्तर तेराच्या आसपास गेले. मग विविधता पूर्ववत ठेवून केवळ परिणामाची जाण १ वरून ३ वर नेली, तेव्हा ते अठ्ठावीस झाले. म्हणजे काम तेच, खुर्ची तीच, पण केलेल्या कामाचे पुढे काय झाले हे कळण्याची व्यवस्था झाली, तर फरक तिपटीचा. चूक निघाली नाही म्हणजे काम चांगले झाले असे मानण्याची सवय ऑफिसात असते. त्या सवयीने माणसाला आपल्या कामाचा चेहराच दिसत नाही.

मुभेच्या बाबतीतही असाच उलगडा झाला. आपल्याला भरपूर स्वातंत्र्य आहे असे मला वाटत असे, कारण मी केव्हा येते, केव्हा जाते, मधल्या वेळेत काय करते हे कोणी विचारत नाही. पण ते वेळेचे स्वातंत्र्य होते. निर्णयाचे स्वातंत्र्य, म्हणजे अहवालात काय असावे, काय वगळावे, कोणता आकडा पुढे मांडावा हे ठरवण्याचा अधिकार, माझ्याकडे जवळजवळ नव्हता. सोप्या नोकरीत पहिल्या प्रकारचे स्वातंत्र्य इतके असते की दुसऱ्याचा अभाव जाणवत नाही, फक्त त्याचा परिणाम जाणवतो.

इथे परीक्षक म्हणून एक भर घालणे आवश्यक आहे. या गुणाकाराच्या सूत्राची पुढे पुष्कळ तपासणी झाली, आणि पाचही अंकांची साधी बेरीज केली तरी समाधानाचा तितकाच, किंबहुना अधिक चांगला अंदाज येतो असे दिसून आले. म्हणून तिपटीचा आकडा शब्दशः घेऊ नये. सत्रात तो थोडा जास्तच ठामपणे मांडला गेला. पाच गुणांची ओळख मात्र आजही उपयोगी आहे, आणि ‘मन लागत नाही’ या धूसर वाक्याचे पाच तपासता येण्याजोगे प्रश्न करून देणे, हेच माझ्या मते या सेवेचे खरे काम आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर हेच काम करणारा एक सहकारी मनापासून समाधानी आहे, मग दोष माझ्यातच आहे का, असे मी विचारले. हॅकमन आणि ओल्डहॅम यांच्या मांडणीतच याचे उत्तर आहे. कामातून वाढ व्हावी ही गरज प्रत्येकात सारखी तीव्र नसते, आणि ती कमी असणे हे काही न्यून नाही. एमी रेझेस्निएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात कामाकडे पाहण्याचे तीन मार्ग दिसले. काहींना ते चरितार्थाचे साधन वाटते, काहींना प्रगतीची शिडी, काहींना जीवितकार्य. त्या अभ्यासातल्या २४ कार्यालयीन सहायकांचा एक छोटा गट, ज्यांचे काम आणि वेतन सारखेच होते, या तीन दृष्टींमध्ये जवळजवळ समसमान विभागला गेला होता. समुपदेशिकेने हे उदाहरण सांगितले आणि मला त्यात दोन्हीकडे दिलासा मिळाला. सहकाऱ्याचे समाधान खोटे नाही, आणि माझे असमाधानही नाटक नाही.

त्यानंतर प्रयोग आला. रेझेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये अशी मांडणी केली की, कामगार आपल्या कामाची सीमा, कामातली नाती आणि कामाचा अर्थ स्वतः थोडा थोडा बदलत असतात. रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. काही कर्मचारी स्वतःला फक्त सफाई करणारे समजत, तर काही रुग्ण बरा होण्याच्या कामाचा भाग समजत, आणि त्यानुसार त्यांचे वागणे प्रत्यक्ष बदललेले होते. माझ्यासाठी ठरलेला प्रयोग साधा होता. माझा अहवाल ज्यांच्याकडे जातो त्यांच्यापैकी प्रत्येकाला भेटायचे आणि तो ते कसा वापरतात हे शेजारी बसून पाहायचे. यामागेही अभ्यास आहे. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला फक्त पाच मिनिटे भेटले. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ आणि त्यांनी मिळवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून अधिक वाढलेली होती.

मला जे दिसले ते सगळेच आनंददायक नव्हते. अहवालातले एक पूर्ण प्रकरण कोणीही उघडत नव्हते. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी मागितले होते हेही कोणाला आठवत नव्हते. उलट मी घाईत उरकत असलेला एक छोटा तक्ता एका विभागात दर महिन्याला छापून भिंतीवर लावला जात होता, कारण कोणती दुरुस्ती आधी करायची हे त्यावरून ठरत होते. त्या विभागातल्या बाईंनी मला सांगितले, ‘यात तारखेचा एक रकाना असता तर आमचा निम्मा शोध वाचला असता.’ मी तो रकाना घातला. न उघडले जाणारे प्रकरण वरिष्ठांच्या संमतीने बंद केले आणि तो वेळ या तक्त्याकडे वळवला. पुढच्या महिन्यात त्या बाईंचा फोन आला आणि त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या. नोकरीत प्रथमच माझ्या कामाची कोणी वाट पाहत होते. या एका प्रयोगासाठीच सेवेची शिफारस करण्याचा मोह मला होतो.

तरी याच भागात सेवेची सर्वांत मोठी उणीवही आहे, आणि ती कमी लेखू नये. काम अर्थपूर्ण करण्याचा सगळा भार इथे कर्मचाऱ्याच्या खांद्यावर टाकला जातो. काम कसे घडवायचे हे मुळात ते देणारा ठरवतो. रिकामे तास, कोणी न वाचणारी प्रकरणे, निर्णयाधिकार नसलेली पदे ही व्यवस्थापनाची घडण आहे. २०२० मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने, कामच न देता कंटाळवाण्या रिकामपणात ठेवल्याने प्रकृती ढासळलेल्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. माझी अवस्था त्या टोकाची नाही, पण रिकामपण हीदेखील नियोक्त्याची जबाबदारी असू शकते हे त्या निकालाने मान्य केले. समुपदेशनात या बाजूचा शब्दही आला नाही. वरिष्ठांशी हा विषय कसा काढावा, अधिकार कसा मागावा, वाढवून घेतलेल्या कामाची नोंद मूल्यमापनात कशी व्हावी, यासाठी एक पूर्ण सत्र हवे होते. माझे वरिष्ठ समजूतदार होते म्हणून प्रयोग पार पडला. जिथे तसे नाहीत तिथे हीच सूचना माणसाला त्याच पगारात जास्त काम करायला लावून मोकळी होईल.

राजीनाम्याच्या प्रश्नावर सेवेने घेतलेली भूमिका मला योग्य वाटली. समुपदेशिकेने ‘सोडा’ असेही म्हटले नाही आणि ‘थांबा’ असेही नाही. तिने विचारले, ‘आजपासून दोन वर्षांनी मुलाखतीला गेलात, तर आपण स्वतः केलेली म्हणून कोणती गोष्ट समोर ठेवाल?’ पहिल्या नोकरीतला सोपेपणा याच ठिकाणी धोक्याचा असतो. पगार वर्षागणिक वाढतो, कौशल्य मात्र तिथेच राहते, आणि काही वर्षांत पगार व कौशल्य यांतले अंतर इतके होते की तेवढ्या पगारावर दुसरीकडे कोणी घेत नाही. त्या अवस्थेत माणूस आवडीने नव्हे, तर दुसरीकडे जाता येत नाही म्हणून थांबतो. माझ्या मते या नोकरीविरुद्धचा सर्वांत गंभीर युक्तिवाद कंटाळ्याचा नसून हा आहे, आणि तरुणांना तो कोणी वेळेवर सांगत नाही. त्याच वेळी चांगला पगार हा रिकाम्या तासांइतकाच उपयोगाचा आहे. त्यातून शिकण्यासाठी, शिल्लक टाकण्यासाठी, कमी पगाराच्या पण जास्त शिकवणाऱ्या नोकरीत जाण्याची तयारी करण्यासाठी वेळ विकत घेता येतो. या आर्थिक बाजूवर सेवेने फक्त एक छापील कागद दिला, ज्यात खर्च आणि शिल्लक मांडायची होती. किती महिन्यांचा खर्च बाजूला असावा, कर्ज असेल तर काय, घरचे अवलंबून असतील तर काय, यावर कोणी बोलले नाही. नोकरी सोडण्याचा विचार मनात घेऊन येणाऱ्या माणसाला हे हवेच असते.

सल्ला देणाऱ्याच्या पात्रतेविषयीही लिहिले पाहिजे. ‘करिअर कोच’ ही पाटी लावायला बहुतेक ठिकाणी कोणताही कायदेशीर परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमाणपत्रे देते. तिच्या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, सर्वांत वरच्या पायरीसाठी २०० तासांचे प्रशिक्षण आणि २,५०० तासांचा अनुभव. म्हणजे प्रमाणपत्र आहे एवढे ऐकून थांबू नये, कोणत्या पायरीचे आहे हे विचारावे. मला भेटलेल्या समुपदेशिकेचे शिक्षण समुपदेशन मानसशास्त्रात झालेले होते आणि तिने ते न विचारता सांगितले. संस्थेतल्या इतर सल्लागारांची अशी माहिती माहितीपत्रकात नाही, ती असायला हवी. सल्लागार नेमून दिला जातो, निवडता येत नाही, हेही मला खटकले.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याला आपले क्षेत्र चुकले आहे याची खात्री आहे आणि कोणते क्षेत्र हवे हेही माहीत आहे, त्याला तिचा फारसा उपयोग नाही. त्याने त्या क्षेत्रातल्या माणसांना भेटावे. ज्याच्या ऑफिसात अपमान, छळ किंवा फसवणूक आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळी मदत हवी. पण ज्याच्याकडे तक्रार करण्यासारखे काहीच नाही आणि तरीही जो दिवसेंदिवस कोमेजत चालला आहे, त्याने ही किंवा अशी सेवा जरूर घ्यावी, आणि घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: सध्याच्या कामाची तपशीलवार चिकित्सा होणार आहे का, आणि प्रत्यक्ष ऑफिसात काही करून पाहायला सांगून त्यावर पुन्हा बोलणे होणार आहे का. दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर उरतात त्या चाचण्या, आणि त्यांतली उपयोगी चाचणी विनामूल्य मिळते.

पाचपैकी साडेतीन गुण मी या सेवेला देते. अर्धा गुण सोळा प्रकारांच्या चाचणीसाठी कापला, उरलेला एक व्यवस्थापनाच्या आणि पैशाच्या बाजूवरच्या मौनासाठी. पाठपुराव्याचे सत्र फार लवकर येते, ही आणखी एक अडचण आहे. तोपर्यंत माझा सुधारलेला तक्ता एकदाच वापरून झाला होता आणि वरिष्ठांकडे मागितलेल्या अधिकाराबद्दल उत्तर यायचे होते. ते उत्तर अजूनही आलेले नाही. अहवालाची जाडी निम्मी करून त्या खर्चात सहा महिन्यांनंतरचे एक सत्र दिले, तर माझ्यासारख्यांना राहायचे की जायचे हे ठरवण्याच्या खऱ्या वेळी कोणाशी तरी बोलता येईल.